दात पडला, हलला, तुटला : पहिल्या तासात काय करायचं आणि खिशातून किती जाणार

दुचाकी घसरते, बाथरूममध्ये पाय सटकतो, सीझनचा चेंडू तोंडावर बसतो, दहीहंडीच्या थरात कुणाचं तरी कोपर लागतं. बहुतेक वेळा मार बसतो तो वरच्या पुढच्या दोन दातांना. पुढचं बिल दोन गोष्टींवर ठरतं : पहिल्या तासात दाताचं काय केलंत, आणि पहिल्या दिवशी कोणता कागद हातात घेतलात. पहिल्यात चुकलात तर दहा-बारा हजारांचं काम पन्नास हजारांच्या पुढे जातं. दुसऱ्यात चुकलात तर विमा, भरपाई, योजना यांची दारं बंद होतात आणि सगळा खर्च तुमच्या अंगावर पडतो.

आधी डोकं, मग दात

शुद्ध हरपली होती का, उलट्या होताहेत का, कानानाकातून रक्त किंवा पाणी येतंय का, अपघात आठवत नाहीये का? यातलं एकही लक्षण असेल तर दातांचा दवाखाना नाही, थेट मोठं रुग्णालय. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

तोंड मिटताना दात नेहमीसारखे जुळत नसतील, तोंड उघडत नसेल, खालचा ओठ बधिर झाला असेल, तर जबड्याचं हाड मोडल्याची शक्यता धरा. हे काम गल्लीतल्या दवाखान्याचं नाही. जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारा ओरल सर्जन असलेलं रुग्णालय गाठा.

दात किंवा तुकडा सापडत नसेल तर ‘गिळला असेल’ म्हणून सोडू नका. तो फाटलेल्या ओठात रुतून बसतो किंवा श्वासनलिकेत जातो. खोकला, घरघर असेल तर छातीचा एक्स-रे हवाच. ओठ सुजून टणक लागत असेल तर टाके घालण्याआधी ओठाचा एक्स-रे काढायला सांगा. तुकडा आत ठेवून शिवलेला ओठ पुन्हा उघडावा लागतो.

पडलेला दात : घड्याळ लावून करायचं काम

अख्खा दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो परत बसू शकतो. मुळावरच्या नाजूक पेशी जिवंत आहेत तोवरच. कोरडा राहिलेला दात अर्ध्या तासात बिघडू लागतो, तासाभरानंतर त्या पेशी जवळपास संपतात. म्हणून क्रम असा :

दात वरच्या पांढऱ्या भागाने उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये काही सेकंद विसळा. घासायचं नाही, रुमालाने पुसायचं नाही, साबण-डेटॉल नाही. माणूस शुद्धीत असेल तर दात त्याच खाचेत, शेजारच्या दाताच्या दिशेने बघून हलकेच बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला लावा. बसवायचा धीर होत नसेल तर थंड दुधात टाका. कोपऱ्यावरच्या दुकानातली अर्ध्या लिटरची पिशवी पुरते. टपरीवरचं उकळतं दूध नको, ताक नको, मसाला दूध नको. दूधही नसेल तर एका छोट्या डबीत त्याच माणसाची थुंकी जमवून त्यात ठेवा. साधं पाणी हा शेवटचा पर्याय. टिश्यू पेपर आणि खिसा हा पर्यायच नाही.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा : दुधाचा दात परत बसवायचा नाही. तो ढकलताना खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. पुढचे कायमचे दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. मूल त्याहून लहान असेल तर दात पुडीत घेऊन डॉक्टरांकडे जा, पण बसवू नका.

तासभर उलटून गेला असेल तरी दात फेकू नका. उशिरा बसवलेला दात आयुष्यभर टिकेलच असं नाही, पण काही वर्षं जागा आणि हाड राखतो. वाढत्या वयाच्या मुलांत तर ही काही वर्षंच मोलाची असतात.

तुटला, हलला, आत गेला

टवका उडाला असेल तर तुकडा शोधा आणि पाण्यात किंवा दुधात ठेवून सोबत न्या. तो बऱ्याचदा जसाच्या तसा चिकटवता येतो. रंग जुळवायचा प्रश्नच उरत नाही. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडली आहे. त्याच दिवशी जा. नुसती कड खरखरीत असेल तर एक-दोन दिवस थांबलात तरी चालतं.

दात लोंबकळत असेल, आत-बाहेर सरकला असेल, तर त्याच दिवशी जाग्यावर आणून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधावा लागतो. याला स्प्लिंट म्हणतात. दात पडून परत बसवला असेल किंवा खाली लोंबला असेल तर तार साधारण दोन आठवडे. मूळ मोडलं असेल, दात आडवा सरकला असेल किंवा भोवतीचं हाड मोडलं असेल तर साधारण चार. तार किंचित लवचीक हवी. जाड, करकचून बांधलेली तार मुळाचं नुकसान करते.

दात फक्त दुखतोय, हलत नाही, सरकलेला नाही : एक्स-रे काढा, मऊ खा, तपासणीला जा. बाकी काही लागत नाही.

माती लागलेली जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं.

कुठे जायचं

दिवसा, कामाच्या दिवशी आणि जवळ असेल तर सरकारी दंत महाविद्यालय हा सर्वात स्वस्त आणि चांगला पर्याय. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं, दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात. गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. पुण्यात शासकीय दंत महाविद्यालय नाही. ससूनचा दंत विभाग आहे, शिवाय भारती विद्यापीठ, डी. वाय. पाटील अशी खासगी दंत महाविद्यालयं आहेत. कराड, सांगली, नाशिक, वर्ध्याजवळ सावंगी, नवी मुंबई इथेही खासगी महाविद्यालयांचे दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात.

तिथे केसपेपर सकाळी निघतो, म्हणून लवकर पोहोचा. पण ‘दात आत्ता पडलाय, दुधात आहे’ हे खिडकीवरच सांगा. रांगेत उभे राहू नका. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात, वर प्राध्यापक असतात. स्वस्ताईची किंमत वेळात मोजावी लागते : जे काम बाहेर दोन फेऱ्यांत होतं त्याला इथे चार-पाच लागतात.

रात्री किंवा रविवारी जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तालुक्याच्या गावी ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या आणि महापालिकेच्या महाविद्यालयांना ही सवलत आपोआप लागू होत नाही. तिथे थोडं शुल्क लागतं, त्याची पावती घ्या.

मात्र दात दुधात असताना स्वस्ताई शोधत दोन तास प्रवास करू नका. जो नोंदणीकृत डेंटिस्ट सर्वात जवळ आहे त्याच्याकडे दात बसवून तार बांधून घ्या. पुढचं काम नंतर महाविद्यालयात नेता येतं.

किती लागतील

खालचे आकडे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरसारख्या शहरांतल्या मध्यम खासगी दवाखान्यांचे ढोबळ अंदाज आहेत. चकचकीत साखळी दवाखान्यात दीडपट-दुप्पट धरा, तालुक्याला कमी.

तपासणी : ३०० ते ७०० रुपये.
एका दाताचा छोटा एक्स-रे : २०० ते ५००.
अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी : ४०० ते १,०००.
त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी : १,५०० ते ४,०००.
तुकडा चिकटवणं किंवा दातरंगी फिलिंग : १,००० ते ३,०००.
दात बसवून तार बांधणं : २,००० ते ६,०००.
पुढच्या दाताचं रूट कॅनॉल : ३,००० ते ७,०००.
धातू-सिरॅमिक कॅप : ३,००० ते ७,०००.
झिर्कोनिया कॅप : ८,००० ते १८,०००.
एका दाताची काढता येणारी कवळी : १,००० ते ३,०००.
तीन दातांचा ब्रिज : वरच्या कॅपच्या दराला तीनाने गुणा.
इम्प्लांट, वरच्या दातासकट : २५,००० ते ६०,०००.
जबड्याच्या हाडाला प्लेट बसवणं : खासगीत ४०,००० पासून लाखाच्या पुढे.

आता एकाच अपघाताची दोन बिलं पाहा. पुढचा एक दात पडला. पहिल्या घरी तो अर्ध्या तासात दुधातून पोहोचला : तपासणी ५००, दोन एक्स-रे ६००, तार ४,०००, रूट कॅनॉल ५,०००, औषधं ५००, नंतरच्या तपासण्या १,५००. एकूण साधारण १२,०००. दुसऱ्या घरी दात कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी नेला आणि ‘आता उपयोग नाही’ म्हणून टाकून दिला : तात्पुरता दात २,०००, स्कॅन २,५००, हाड झिजल्यामुळे हाडाची भर १०,०००, इम्प्लांट ४०,०००. एकूण ५४,५००, आणि चार-सहा महिने.

बिलातले न दिसणारे आकडे

‘इम्प्लांट फक्त १४,९९९’ या पाटीत बहुतेक वेळा हाडात जाणारा स्क्रूच असतो. वरचा जोड वेगळा, दात वेगळा, तात्पुरता दात वेगळा, हाडाची भर वेगळी. एकच प्रश्न विचारा : ‘मी हसू शकेन तोपर्यंतचा एकूण खर्च किती?’ उत्तर लेटरहेडवर लिहून घ्या.

रूट कॅनॉलच्या दरात कॅप नसते. दात फार तुटला असेल तर आत बसवायची दांडी, म्हणजे पोस्ट, १,५०० ते ३,००० वेगळे. तार काढण्याचे काही ठिकाणी ५०० ते १,००० वेगळे लावतात, बांधतानाच विचारा. ‘डिस्पोजेबल किट’, ‘निर्जंतुकीकरण शुल्क’ म्हणून प्रत्येक फेरीला शंभर-दोनशे लावले जातात. सात-आठ फेऱ्यांत हजार-दीड हजार होतात. रात्रीच्या तपासणीला दुप्पट आकार असू शकतो. खुर्चीत बसण्याआधी विचारलंत तर कुणी चिडत नाही.

बिलात १८ टक्के जीएसटी दिसला तर थांबा. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया या माफीत बसत नाही, पण इजेमुळे गेलेला अवयव किंवा त्याचं काम पूर्ववत करण्यासाठी केलेली बसते. बिलावर ‘अपघाती इजेवरील उपचार’ असं लिहून घ्या.

हप्त्यांवर उपचार घेत असाल तर एक गोष्ट समजून घ्या. वित्तकंपनी दवाखान्याला सगळी रक्कम आधीच देते. काम अर्धवट राहिलं, दवाखाना बंद पडला, तरी तुमचे हप्ते चालूच. शक्य असेल तर काम होईल तसे पैसे द्या.

झिर्कोनिया कॅपला पाच, दहा, पंधरा वर्षांची हमी सांगतात. ती लॅबची असते, क्रमांक असलेल्या कार्डावर असते, आणि पुन्हा अपघात झाला तर बहुधा लागू नसते. कार्ड हातात नसेल तर हमीही नाही.

नको असलेलं काम

मार बसलेला प्रत्येक दात मेलेला नसतो. थंड-गरम चाचणीला दात अपघातानंतर तीन महिन्यांपर्यंतही उत्तर देत नाही आणि पुढे पूर्ण बरा होतो, असं बऱ्याचदा घडतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘चारही दातांना रूट कॅनॉल आणि कॅप’ असा अंदाज मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तीन-चारशे रुपयांत चाळीस हजार वाचू शकतात. याला अपवाद पडून परत बसवलेल्या दाताचा : मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर रूट कॅनॉल दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायलाच हवं. तिथे टाळाटाळ केलीत तर मूळ झिजत जातं. लहान मुलांत, मूळ अजून वाढत असेल तर, थांबून पाहतात.

अठरा वर्षांखालील मुलाला इम्प्लांट कुणी सुचवला तर उठून या. जबड्याची वाढ चालू असते. इम्प्लांट वाढत नाही आणि काही वर्षांत तो दात वरच राहून बुटका दिसू लागतो. तोवर काढता येणारा किंवा चिकटवलेला दात वापरतात. मुलग्यांत विशीपर्यंतही थांबावं लागतं.

ब्रिजसाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागतात. ते परत उगवत नाहीत. ‘इम्प्लांटपेक्षा स्वस्त’ म्हणताना हा खर्च कुणी धरत नाही.

शॉर्टकट, जे महागात पडतात

फेविक्विकने तुकडा चिकटवणं : नस भाजते आणि तुकडा वाया जातो. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं : हिरडी जळते. हलणारा दात स्वतः उपटणं : जो वाचला असता तो गेला. स्टँडबाहेर, बाजाराच्या दिवशी ‘फिक्स दात ५०० रुपये’ अशी पाटी लावून बसणारे : हे लोक हिरडीवर थेट अ‍ॅक्रिलिक ओतून, शेजारच्या दातांना तारेने जखडून दात ‘बसवतात’. खाली अन्न सडतं आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारचे दोन दातही हलायला लागतात.

डॉक्टर खरे आहेत का, हे कसं ओळखायचं? पाटीवर आणि चिठ्ठीवर बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर ती चिठ्ठी विम्यालाही चालत नाही, न्यायालयातही नाही.

पहिल्या दिवसाचे कागद

रस्त्यावरचा अपघात, मारहाण किंवा कामाच्या जागची इजा असेल तर सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्या. छोटे दंत दवाखाने ती बहुधा करत नाहीत. दात आधी बसवून घ्या, पण एमएलसी त्याच दिवशी करा. आठवड्याने गेलात तर ‘हा दात त्याच अपघातात गेला कशावरून?’ हा प्रश्न उभा राहतो.

इथे एक गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. दात मोडणं किंवा निखळणं ही कायद्याच्या भाषेत किरकोळ नाही तर ‘गंभीर दुखापत’ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हाड आणि दात शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे डेंटिस्टच्या प्रमाणपत्रातले शब्द महत्त्वाचे. ‘तोंडाला मार’ पुरेसं नाही. कोणता दात, मोडला की निखळला, अपघाताची तारीख, केलेले उपचार, पुढे लागणारे उपचार आणि त्यांचा अंदाजे खर्च, हे सगळं हवं. दात क्रमांकाने लिहितात : वरचे मधले दोन म्हणजे ११ (उजवा) आणि २१ (डावा). अपघाताआधीचा हसरा फोटो असेल तर त्याची प्रत जोडा. दात पूर्वी शाबूत होते याचा तो पुरावा ठरतो.

फाइल अशी ठेवा : एमएलसीची प्रत, एफआयआरची प्रत (फिर्यादीला ती मोफत मिळते), केसपेपर, एक्स-रेच्या फिल्म किंवा ई-मेलवर मागून घेतलेली मूळ प्रतिमा, प्रत्येक रकमेची पावती, औषधांची बिलं चिठ्ठीसह, तोंडाचे त्याच दिवशीचे फोटो, आधार, बँक पासबुकाची प्रत, वाहनाचा क्रमांक आणि त्याच्या विम्याचा तपशील. ‘पावती नको असेल तर पाचशे कमी’ ही सवलत घेऊ नका. पाचशे वाचतात, दावा जातो.

समोरचा वाहनचालक जागेवरच दोन-चार हजार देऊन ‘मिटवून टाकू’ म्हणतो. कशावरही सही करू नका. आज फक्त हलणारा दात सहा महिन्यांनी काळा पडू शकतो.

पैसे कुठून परत मिळतील

आरोग्य विमा. बहुतेक पॉलिसींमध्ये दातांचे उपचार वगळलेले असतात, पण अपघातामुळे लागलेले आणि रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार मिळतात. अडतं ते ‘दाखल’ या शब्दावर. खुर्चीत बसून दीड तासात बांधलेली तार ओपीडीत जाते. ओपीडी संरक्षण नसेल तर पैसे नाहीत. जबड्याची शस्त्रक्रिया, भूल देऊन केलेलं काम, इतर जखमांसाठी दाखल असताना झालेलं दातांचं काम यांचा दावा होतो. तातडीने दाखल झाल्यावर कंपनीला कळवण्याची मुदत बहुधा २४ तास असते. पॉलिसीत डे-केअर उपचारांची यादी असते, ती वाचा. ‘एक रात्र दाखल दाखवू’ असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा : खोटा दावा सापडला की पॉलिसीच रद्द होते.

रस्ते अपघात, कॅशलेस. केंद्राच्या मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोकडीविना मिळतात. विमा असो वा नसो. ११२ ला फोन करून जवळचं नियुक्त रुग्णालय विचारा. जबडा मोडला असेल तर याचा उपयोग मोठा. सहा महिन्यांनी बसणारा इम्प्लांट मात्र यात येत नाही.

जनआरोग्य योजना. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. हेल्पलाइन १५५३८८. साधी कॅप, फिलिंग, इम्प्लांट यात धरू नका.

हिट अँड रन. वाहन ठोकून पळालं आणि सापडलं नाही, तर गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम लागू आहे. दात मोडणं गंभीर दुखापतीत येत असल्याने तुम्हीही पात्र ठरू शकता. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. एफआयआर, इजेचा अहवाल, ओळखपत्र, पासबुक जोडा. अर्जाला पैसे लागत नाहीत. ‘पास करून देतो, दहा टक्के’ म्हणणाऱ्या एजंटाला दूर ठेवा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. वाहन सापडलं असेल तर त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई इथे मागायची. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, ती पाळा. झालेल्या खर्चाबरोबर पुढचा खर्चही मागा : कॅप दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते आणि तुम्ही पंचविशीत असाल तर ती तीन-चार वेळा बदलाल. हे डेंटिस्टकडून लिहून आणलंत तरच धरलं जातं. वकिलाची फी ठरवताना टक्केवारीवर सही करू नका, रक्कम ठरवा. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

कामावर, शाळेत, उत्सवात. ईएसआय असेल तर कामावरच्या अपघाताची नोंद त्याच दिवशी मालकाकडून करून घ्या आणि ईएसआय दवाखान्यातूनच पुढे जा. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. तुमच्या मुलाची इजा तिच्यात बसते का, हे मुख्याध्यापकांना लगेच विचारा. काही शाळा आणि क्रीडा क्लब वेगळा गटविमाही काढतात. गोविंदा असाल तर पथकाने विमा काढला आहे का आणि यादीत तुमचं नाव आहे का, हे सराव सुरू होण्याआधीच बघा.

किती दिवस चालणार

परत बसवलेल्या दाताच्या तपासण्या दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि पुढे दरवर्षी पाच वर्षांपर्यंत. दुखत नाही म्हणून चुकवू नका. मूळ झिजतं तेव्हा दुखत नाही, एक्स-रेतच दिसतं. पहिले दोन आठवडे मऊ खाणं, मऊ ब्रश, क्लोरहेक्सिडिनच्या औषधाने दिवसातून दोनदा गुळण्या. पेरू, ऊस, चिक्की, भाकरीची कडक कड पुढच्या दाताने तोडायची नाही. इम्प्लांटला चार ते सहा महिने, ब्रिजला दोन आठवडे, साध्या कॅपला आठवडा धरा.

दात काळपट पडला, हिरडीवर पुळी आली, चावताना दात उंच लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

बिघडलं तर

आधी दवाखान्याला लेखी कळवा आणि नोंदींची प्रत मागा. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल तक्रार दंत परिषदेकडे. पैशांची आणि निष्काळजीपणाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. निष्काळजीपणा सिद्ध करायला दुसऱ्या डेंटिस्टचं लेखी मत लागतं, ते आधी मिळवा. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथेही शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

आणि खर्च टाळायचाच असेल तर : हनुवटी झाकणारं हेल्मेट घ्या, अर्ध्या टोपीसारखं हेल्मेट दातांसाठी काहीच करत नाही. कबड्डी, हॉकी, बॉक्सिंग, क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला माउथगार्ड घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा ३०० ते ८०० रुपयांत मिळतो, डेंटिस्टने मापावर केलेला १,५०० ते ४,००० पर्यंत. वाढत्या वयात तो दर वर्ष-दीड वर्षाने बदलावा लागतो, हेही हिशोबात धरा.